निभाची पाच फुटी टाकी

बागबाजार, कलकत्ता
९ जानेवारी १९८४

श्रीचरणेषु दादा,

नमस्कार. वहिनीचे गुडघे आता कसे आहेत ते कळव. माझी तब्येत ठीक आहे. डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याचं कारण आमची मलिना आहे. राग शिळा व्हायच्या आत लिहायला बसले आहे.

मी खोलीत माशांची टाकी बसवते आहे. पलंगासमोरच्या भिंतीला, पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. हातीबागानला घोषांचं मिठाईचं दुकान बंद पडलं, त्यांच्या काउंटरच्या जाड काचा मी मिळवल्या आहेत. एका काचेचा कोपरा थोडा उडालाय म्हणून घोषबाबूंनी त्या जवळजवळ फुकटच दिल्या. तीन वेळा सोड्याने धुतल्या तरी अजून खव्याचा वास येतो. बाकीचा खर्च मी सांडगे घालून विकते त्यावर निघेल. कुणापुढे हात पसरलेला नाही.

काल काचा आल्या आणि मलिनाच्या पोटात दुखायला लागलं. धाकटी जाऊ असून दारात कमरेवर हात ठेवून उभी. म्हणते, "दिदी, विधवेच्या खोलीत मासे? आज बघाल, उद्या जीभ चाळवेल!" तिचे मिस्टर, म्हणजे आमचे सुधामयबाबू, मागे उभे राहून दात कोरत होते.

दादा, नवरा गेला तेव्हापासून मी मासळीला बोट लावलेलं नाही. मला कुणी बंदी केली नव्हती. सासूबाई स्वतः म्हणाल्या होत्या, तू लहान आहेस, चोरून थोडं खात जा. मी नाही खाल्लं. माझ्या नवऱ्याला कोई मासा फार आवडायचा, त्यांच्यामागे तो माझ्या घशाखाली उतरला नसता. तो माझा आणि त्यांचा मामला आहे. त्यावर मलिनाने तोंड उघडावं?

आणि हल्ली ती भिंतींना ऐकवत असते की तिच्या मुलाचं, बुबाईचं, लग्न ठरलं की खालची खोली लागेल. खालची खोली म्हणजे माझी. माझ्या नवऱ्याच्या वाट्याची.

असो. काम असं की टाकीच्या चौकटीला लोखंडी कोन, म्हणजे अँगलच्या पट्ट्या, हवेत. आसनसोलला भंगारात स्वस्त मिळतात असं ऐकते. तुझ्या ओळखीने जमतील का?

तुझी
निभा


आसनसोल
२० जानेवारी १९८४

॥ श्रीश्रीदुर्गा सहाय ॥

कल्याणीया निभा,

तुझं पत्र मिळालं. कोन आमच्या कारखान्यातल्या हाजराबाबूंबरोबर पाठवतो आहे, ते सरस्वती पूजेला कलकत्त्याला येतायत. भावाचं कर्तव्य म्हणून पाठवतोय. मला हे पटलेलं नाही.

मासे पाळायचेच तर काचेच्या गोल भांड्यात दोन सोनेरी मासे ठेव. टेबलावर राहतील, उचलून इकडेतिकडे नेता येतील. पाच फूट कशाला? ती काय राजवाड्याची बैठक आहे? शिवाय एवढ्या टाकीला हवेचा पंप लागतो, गाळणी लागते, दिवा लागतो. तुमच्याकडे रोज संध्याकाळी वीज जाते. पंप बंद पडला की मासे वर येऊन तोंडं वासतात आणि सकाळी पांढरं पोट करून तरंगतात. आमच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना परवडतं. तुला परवडेल का?

मलिनाशी जुळवून घे. तुला अखेर त्यांच्यातच राहायचं आहे. सुधामयचं मला वेगळं पत्र आलं होतं. तो काळजीने लिहितो.

आशीर्वादक
भवतोष


बागबाजार
११ मार्च १९८४

श्रीचरणेषु दादा,

कोन मिळाले. त्याबद्दल तुझे पाय धरते. साहेबाच्या बंगल्यावरचं ज्ञान मात्र तुझ्याकडेच ठेव.

टाकी उभी आहे. उभी आहे म्हणजे भरलेली आहे, आणि गळत नाही! गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या हाटात टाक्या बनवणारे दोघे भाऊ बसतात, ते घरी आले आणि खोलीतच चौकट जोडून, पुट्टी भरून, काचा बसवून गेले. खाली विटांचे खांब रचले, त्यावर जुन्या दाराची फळी, फळीवर पोतं. तळमजला असल्यामुळे वजनाची भीती नाही. पहिल्यांदा भरली तेव्हा उडालेल्या कोपऱ्यातून पाणी पाझरलं, पार पलंगाखाली गेलं. मलिना वरच्या पायरीवरून बघत होती. म्हणाली, "अगं बाई, गंगा घरी आली!" मी टाकी उपसली, कोपरा वाळवला, पुन्हा पुट्टी भरली. दुसऱ्यांदाही पाझरली. तिसऱ्यांदा थांबली. तोवर माझी कंबर गेली होती.

वाळू गंगेची, घाटावरून बादल्यांनी आणली आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतली. रिबिनीसारखं पाणगवत एका तळ्यातून उपटून आणलं. पिण्याच्या नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून रस्ते धुवायच्या गंगेच्या नळाचं पाणी ड्रममध्ये भरून गाळ बसू दिला. पहिला आठवडा सगळी टाकी तांदळाच्या धुवणासारखी पांढरी झाली होती. हाटातल्या भावांनी बजावलं होतं, हात लावू नका, पाणी बदलू नका, मासा टाकू नका, ते आपलं आपण बसतं. बसलं. आता पलीकडची भिंत दिसते.

आता तुझा पंप. दादा, आपण बंगाली आहोत ना? हंडीत पाणी घालून त्यात मासे चार-चार दिवस जिवंत ठेवतो, ते कोणते? कोई, मागूर. ते वर येऊन तोंडाने हवा घेतात आणि पुन्हा खाली जातात. त्यांना पंप लागत नाही. वीज गेली तरी त्यांचं काही अडत नाही. मासळीबाजारात टोपलीत तडफडत असतात, हाटातल्या परदेशी माशांच्या मानाने मातीमोल. मी सहा कोई आणले, एक मागूर आणला, आणि खलशांचा एक थवा आणला. खलसे बोटाएवढे, अंगावर निळे-तांबडे पट्टे, तेही वरूनच श्वास घेतात. मागूर लहानांना गिळतो म्हणून मधे जाळी लावून त्याला स्वतंत्र घर दिलंय.

संध्याकाळी वीज जाते, मी कंदील टाकीमागे ठेवते. सगळा वाडा अंधारात शिव्या घालत बसलेला असतो, आणि माझ्या भिंतीवर खलशांच्या सावल्या फिरतात. इतक्या वर्षांत या खोलीत माझ्याशिवाय दुसरं काही हललं नव्हतं. मी फार आनंदात आहे, हे तुला लिहून ठेवते.

निभा


आसनसोल
२६ जून १९८४

॥ श्रीश्रीदुर्गा सहाय ॥

निभा,

काय लिहावं ते सुचत नाही. सुधामयचं पत्र आलं. तुझ्या चुलीपाशी मासा सापडला. ज्या चुलीवर तू तुझं वेगळं निरामिष रांधतेस, ज्या चुलीला मलिना आंघोळ केल्याशिवाय शिवत नाही, त्या चुलीपाशी कोई! आणि तू दर आठवड्याला बाजारातून जिवंत मासे पदराखाली झाकून आणतेस हे सगळ्या गल्लीने पाहिलं आहे. पदराखाली का झाकतेस? लपवण्यासारखं काय आहे?

बाबा असते तर त्यांनी विष घेतलं असतं. जन्मभर एकादशी पाळणाऱ्या घराण्याची तू मुलगी. खायचंच होतं तर वीस वर्षांपूर्वी खायचं होतंस, तेव्हा कुणी काही म्हटलं नसतं. आता म्हातारपणी, टाकीचं नाटक करून? सुधामय म्हणतो, टाकी म्हणजे निव्वळ आडोसा आहे. मला ते खोटं म्हणवत नाही.

मी आणि सुधामयने ठरवलं आहे. नवद्वीपला महाराजांचा आश्रम आहे, तिथे आपल्यासारख्या घरांतल्या विधवा राहतात, कीर्तन करतात, मान असतो. मी महाराजांना लिहिलं आहे. दुर्गापूजेच्या आत तुझी व्यवस्था होईल. खोली बुबाईला दे. त्याचं लग्न अग्रहायणात, हिवाळ्याच्या सुरुवातीला, आहे.

यावर वाद नको.

भवतोष


बागबाजार
२ जुलै १९८४

दादा,

श्रीचरण वगैरे आज लिहीत नाही.

कोई चालतो. हे मी तुला सांगायचं? लहानपणी आपल्या अंगणातून पावसात कोई सरपटत तळ्याकडे निघालेले तू पाहिले नाहीस? कल्ल्यांच्या काट्यांवर रेटत रेटत तो माणसाच्या परसापर्यंत जातो, हे या देशात दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी गडगडाटी पाऊस झाला, झाकणाची फळी सरकलेली होती, एक कोई बाहेर पडला, पाण्याच्या ओलीने ओटीवरून माझ्या चुलीपर्यंत गेला. मलिनाने तो पाहिला. तो जिवंत होता दादा! चालत होता! मी माशाला रांधायला आणला असता तर तो चुलीकडे पायी आला असता का? मी त्याला उचलून टाकीत सोडलं, मलिनाच्या देखत. तिने वर जाऊन नवऱ्याला पत्र लिहायला बसवलं.

आणि तू ते वाचलंस, आणि विश्वास ठेवलास. मला विचारलंसही नाहीस. चार ओळींचं पोस्टकार्ड टाकलं असतंस तरी चाललं असतं, "निभा, हे खरं का?" एवढंच. तू सरळ विधवांच्या आश्रमाचं तिकीट काढलंस.

मेलेल्या माशाच्या जागी नवा आणते तो पदराखाली झाकते, कारण विधवा मासळीबाजारात गेली की बायका तिच्या पिशवीत डोकावतात. आज तूही डोकावलास, आसनसोलला बसून.

पाच फूट कशाला, असं तू विचारलं होतंस. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. माझ्या दाराबाहेर लगेच जिना वळतो. सुट्या काचा उभ्या करून आत आल्या, पण पाच फुटांची जोडलेली वस्तू तिथून वळत नाही. माझा पलंगसुद्धा नवऱ्याने सुतार आत बसवून बनवून घेतला होता. टाकी आत बनली आहे, फोडल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि फोडली तर सगळ्या बागबाजारला ऐकू जाईल. बुबाईने त्याची नवी नवरी कुठे ठेवायची ते त्याच्या आईला विचारावं. मला मासे पाहायला आवडतात हे खरंच आहे. पण मी मूर्ख नाही.

मी नवद्वीपला जाणार नाही. मला कीर्तन आवडत नाही, कधीच आवडलं नाही.

निभा


आसनसोल
२५ जुलै १९८४

॥ श्रीश्रीदुर्गा सहाय ॥

कल्याणीया निभा,

पत्राने हे मिटणार नाही म्हणून परवाच्या रविवारी मी स्वतःच बागबाजारला आलो. तू नव्हतीस. शेजारणींबरोबर गंगाजल घेऊन तारकेश्वरला पायी गेलीस असं कळलं. एवढी भक्ती आहे म्हणजे नवद्वीप तुला जड जाणार नाही. गाडीची वेळ होईपर्यंत मी तुझी वाट पाहिली.

तुझी टाकी पाहिली. कबूल करतो, काम नीट झालं आहे. पण निभा, त्यात आहेत ते रोजच्या खाण्यातले मासे! मला वाटलं होतं काही तरी रंगीत, शोभेचं असेल. असे मासे घरात मिरवले तर लोक बोलणारच. त्यांचं काय चुकलं?

मलिना चांगली बाई आहे. दिवसभर पाऊस कोसळत होता, बाजाराला जाता येईना, तरी तिने माझ्यापुढे तेल-कोई वाढलं. मोहरीच्या तेलात, आलं-जिरं लावून. कित्येक वर्षांत असे ताजे कोई खाल्ले नव्हते. सुधामयचा ताप नुकताच उतरलाय, त्याला तिने मागूरचा पातळ रस्सा दिला, तो उठून बसला. तुझ्याबद्दल तिने एकही वाकडा शब्द काढला नाही. उलट डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, दिदी सुखी व्हाव्यात एवढंच.

महाराजांचा होकार आला आहे. महालयेच्या आधी तुला पोचवायला मी येईन. थोडे कपडे आणि जपमाळ, बाकी काही लागत नाही.

आशीर्वादक
भवतोष


बागबाजार
२० ऑगस्ट १९८४

दादा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण लिहायला बसले की दोन ओळींनंतर कागद फाडून टाकायचे. आज फाडणार नाही.

मुसळधार पावसात, बाजार बंद असताना, मलिनाने ताजे कोई कुठून आणले असतील, हा प्रश्न तुला जेवताना पडला नाही? मागूर कुठून आला? तू टाकी पाहिलीस म्हणतोस. कधी पाहिलीस? जेवणाआधी की नंतर? नंतर पाहिली असतीस तर त्यात फक्त खलसे उरलेले दिसले असते. म्हणजे आधी पाहिलीस. माझे कोई तू पोहताना पाहिलेस आणि मग ताटात पाहिलेस, आणि तुला ओळखता आले नाहीत.

चार खाल्लेस. मलिनानेच सांगितलं, कौतुकाने. "तुमच्या दादांनी चार खाल्ले दिदी, पोटभर!" मी तारकेश्वरहून पाय सुजवून आले होते. खोलीत झाकणाची फळी जमिनीवर, पाणी ढवळलेलं, जाळी उपटलेली, पाणगवत उलटंपालटं. मी विचारलं तर ती म्हणाली, "घरात दुखणाईत, दारात पाहुणा, आणि डोळ्यांसमोर जिवंत मासे. मग मासे कशाला असतात?" तिला खरंच कळत नव्हतं. मला एकदम जाणवलं की हिच्यावर ओरडून उपयोग नाही. ओरडायचं ते तुझ्यावर. माझ्या चुलीपाशी चालत आलेला एक कोई पाहून तुम्ही मला आश्रमात धाडायला निघालात, आणि माझ्या टाकीतले सगळे कोई उचलून नेऊन खाल्लेत, तर त्याला पाहुणचार म्हणायचं. त्यातल्या एकाच्या शेपटीला पांढरा ठिपका होता. तो सकाळी माझ्या बोटाशी यायचा. तो कुणाच्या ताटात गेला ते मी विचारलं नाही.

आता मी काय केलं ते ऐक. हे तुला सुधामयकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

दुसऱ्या दिवशी एकादशी नव्हती की काही नव्हतं, साधा दिवस होता. मी बाजारातून एक कोई आणला. पदराखाली झाकला नाही, शेपटीला धरून गल्लीतून आणला. अंगणाच्या मधोमध माझी चूल आणून मांडली, मोहरीचं तेल कढवलं, तो तळला, रांधला. बायका गच्च्यांवर आल्या. मलिना जिन्यात उभी होती, सुधामय तिच्या मागे, या वेळी त्याला दात कोरायचं भान राहिलं नाही. मी पाटावर बसले, विधवेचं पांढरं थान नेसलेली, आणि भाताबरोबर तो मासा खाल्ला. सगळा. डोकंसुद्धा. काटे काढून एका बाजूला नीट रचून ठेवले. एवढ्या वर्षांनी जिभेला काटे कळतील का अशी भीती होती, पण कळले.

चव काय होती ते विचारशील. मला ओकारी आली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मोहरीच्या तेलाने आलेलं नव्हतं. मी इतकी वर्षं जे पाळलं ते माझ्या मर्जीने पाळलं होतं, त्यांच्यासाठी पाळलं होतं, आणि त्या अंगणात बसून मी ते मोडलं. तुम्ही लोकांनी माझं तेवढंही ठेवलं नाही. हे मी तुला कधी माफ करीन असं वाटत नाही. तसं वाटलं तर कळवीन.

मग हात धुऊन मी महाराजांना पत्र लिहिलं. तुझ्या पत्त्यावरून नाही, माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून. लिहिलं की माझ्या भावाने ज्या विधवेसाठी आपल्याकडे जागा मागितली आहे ती मासे खाते, भर दुपारी, चारचौघांत, आणि पुढेही खाणार आहे. पाहिजे तर बागबाजारात कुणालाही विचारा. आठवड्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. अशा स्त्रीला आश्रमात जागा नाही, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे. तुलाही एक पाठवलं आहे म्हणतात, मिळालं असेलच. सुधामयने इतर दोन आश्रमांत चौकशी केल्याचं कानावर आलं. तिथेही बातमी पोचली आहे. अशा बातम्यांना तिकीट लागत नाही.

तेव्हा महालयेच्या आधी येण्याची तसदी घेऊ नकोस. खोली माझी आहे, टाकी खोलीत आहे, आणि मी दोन्हींच्या मधे आहे. बुबाईच्या सासरच्यांना माशांची बातमी लागली, तर ते म्हणाले म्हणे की घरात मोठी टाकी आहे, ही श्रीमंती! मलिना त्या दिवसापासून पाहुण्यांना माझ्या दारापर्यंत आणून खलसे दाखवते.

काल रविवार होता. मी मासळीबाजारात गेले. कोईची टोपली घेऊन बसलेल्या बाईने टोपलीचं झाकण बाजूला सारलं, विळीवर पाणी मारलं आणि विचारलं, "मावशी, कापून देऊ की तसेच?" आजूबाजूच्या दोघी-तिघी थांबल्या, कान टवकारून. या महाराजांचा विचार बदलू नये, दुसऱ्या कुणा महाराजांना दया येऊ नये, म्हणून मला आता दर रविवारी हे करावं लागणार आहे, आणि दर रविवारी मला ओकारी येणार आहे. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "एक काप. बाकीचे जिवंत दे."

निभा